घोंगडीचा वास

१

लोणावळ्याच्या एका हॉटेलात इंद्रायणी तांदूळ शिजला आणि कुणाच्याही लक्षात आलं नाही.

मावळात एवढ्यावर गुन्हा दाखल व्हायला हरकत नाही. इंद्रायणी शिजत असला की आधी वास बाहेर पडतो, मग शिट्टी होते, आणि शेजारची माणसं काहीतरी कारण काढून दारात उभी राहतात. इथं कुणीच आलं नाही. आचाऱ्यानं कुकरमध्ये नाक घातलं, मग मदतनिसाला घालायला लावलं, मग मॅनेजरला. विहिरीत पडलेली बादली शोधावी तशी तिघं वाकून बघत राहिली. शेवटी आचारी म्हणाला, "ह्यो इंद्रायणी न्हाई. ह्यो नुसता भात हाय."

कान्ह्याच्या शेतकरी गटाचा सगळा हंगाम त्या पोत्यांत होता. तांदूळ कान्ह्याच्या गिरणीतून निघाला होता, आणि निघण्याआधी माधवरावांनी त्याचा वास घेतला होता. म्हणजे विषय संपला. माधवरावांच्या नाकाखालून खोटा दाणा गेलेला कुणाला आठवत नव्हता. त्यांच्या वडिलांच्या नाकाखालूनही गेला नव्हता. त्या घराण्यात शेती वाटून गेली, घर वाटून गेलं, नाक तेवढं अखंड राहिलं.

"मी हुंगला तेव्हा इंद्रायणीच होता," माधवराव गिरणीच्या अंगणात उभे राहून म्हणाले. "बदलला तो नंतर. पोती शिवल्यावर गोदामाशी कोण होतं?"

शिदू होता. बेडश्याच्या डोंगराखालच्या ठाकरवाडीतला, गिरणीचा राखणदार. दाभण आणि सुतळी तिथंच भिंतीला टांगलेली. पोतं उसवायचं, बदलायचं, परत शिवायचं. किती सोपं.

तरी दोघं-तिघं कुरकुरले, की शिदू असा नाही. तेव्हा माधवराव पुढं झाले. शिदूच्या खांद्यावरची घोंगडी त्यांनी ओढून घेतली, नाकाशी धरली, डोळे मिटले, आणि सगळं अंगण श्वास रोखून उभं असताना म्हणाले,

"इंद्रायणी. याच्या घोंगडीला इंद्रायणीचा वास येतोय."

घोंगडी दुसऱ्या कुणीही हुंगून बघितली नाही. शिदूच्या कानाखाली मात्र लगेच दोघांनी वाजवली. उद्या सकाळी गटाची बैठक, आणि मग पोलीस.

२

शिदूची बायको चिंगी रजनीच्या दारात आली ती भाजीची पाटी न घेताच.

रजनी तळेगावच्या शाळेत विज्ञान शिकवायची, कान्ह्यात एकटी राहायची, आणि तिला वास येत नसे. नाक दिसायला उत्तम होतं, चष्मा नीट बसायचा; बाकी उपयोग शून्य. आत द्राक्षांच्या घडासारखं मऊ मांस वाढायचं. डॉक्टर त्याला पॉलिप म्हणायचे, नातेवाईक 'रात्री केस धुतेस ना, म्हणून' असं म्हणायचे. दोनदा ऑपरेशन झालं, दोनदा मांस परत आलं. एकदा गोळ्यांचा कोर्स चालू असताना आठवडाभर वास परत आला होता. त्या आठवड्यात ती खडूसुद्धा हुंगत फिरली. कोर्स संपला आणि सगळं पुन्हा गेलं, लाइट जावी तसं.

लोकांना यात गंमत वाटायची. "बरंय बाई, गटाराचा त्रास नाही!" हात मोडला असता तर लोकांनी मोसंबी आणली असती. नाक बंद पडलं की विनोद आणतात. तिनं नासलेलं वरण खाल्लं होतं, तोंडाला खारट लागलं म्हणून चांगलं समजून. एकदा गॅस चालू राहिला होता आणि ती शेजारच्या खोलीत पेपर तपासत बसली होती. भाजी द्यायला आलेल्या चिंगीनं धावत जाऊन बटण बंद केलं होतं. तेव्हापासून चिंगी रोज आली की आधी स्वयंपाकघरात जाऊन दूध, भात, सिलिंडर हुंगायची, मग भाजी तोलायची. ती रजनीचं नाक होती, मेथीसकट.

माधवराव रजनीचे सख्खे काका. लहानपणी एकदा, तांदूळ हुंगायच्या म्हणजे वासाच्या दिवशी, तिनं कोंदलेल्या नाकाला बाम चोळला, म्हणून त्यांनी तिला गिरणीतून हाकलून दिलं होतं. मोठेपणी आजाराचं कळल्यावर एवढंच म्हणाले, "आपल्या घराण्यात बंद नाक? कुठं बोलू नकोस."

"ताई, तुमचं काका खोटं बोल्लं," चिंगी म्हणाली.

"कशावरून?"

"घोंगडीला धुराचा वास येतो. बकऱ्याचा येतो. भिजली की लय वंगाळ येतो. पर तांदळाचा? मी रोज तीच पांघरते, मला कळंना व्हय?"

"मग तिथं सांगितलं नाहीस?"

"सांगितलं की. म्हनले, तुजं नाक कुटं आन् माधवरावाचं कुटं." तिचा आवाज फुटला. "धा मानसात मारलं त्येला. उद्या पोलीस नेत्याल. मग वाडीतल्या कुनालाच हितं काम न्हाई मिळायचं, ताई. चोराची वाडी म्हनत्याल."

रजनीच्या डोक्यात काहीतरी तडतडलं. फोडणीचा वास तिला येत नव्हता, पण फोडणी ऐकू यायची.

"चल," ती म्हणाली.

३

गिरणीच्या ओट्यावर शिदू गुडघ्यात मान घालून बसला होता. गाल सुजलेला. त्याच्या मागं गोदामाचं दार होतं, आणि ते निळं होतं. साधं निळं नव्हे. नव्या एसटीसारखं, डोळ्यांत घुसणारं निळं.

"हे दार कधी रंगवलं?"

"वासाच्या दिशी, पहाटं. म्याच रंगिवलं," शिदू मान वर न करता म्हणाला. "उमेशभाऊ म्हनले, आबांचा, मंजी माधवरावांचा हुकूम हाय."

रजनी जागच्या जागी थांबली.

वासाचा दिवस म्हणजे काय, हे कान्ह्यात शेंबड्या पोराला ठाऊक होतं. शिवण्याआधी प्रत्येक पोत्यातली मूठ काढायची, एका पातेल्यात शिजवायची आणि माधवरावांनी हुंगायची. त्या दिवशी गिरणीत उदबत्ती नाही, गजरा नाही, विडी नाही, केसांना तेल नाही. गिरणीतला गणपतीसुद्धा धुपाशिवाय बसायचा. कांदा खाऊन आलेल्या हवालदाराला माधवरावांनी एकदा फाटकातून परत पाठवलं होतं, वर्दीसकट. आणि अशा दिवशी, ते बसतात त्या दाराला ऑइलपेंट?

ती गोदामात शिरली. लोणावळ्याला निम्मीच पोती गेली होती; उरलेली निम्मी अजून इथंच थप्पीला होती. पोत्यांच्या तोंडापाशी निळे फराटे ओढलेले. पाठीवरून आत नेताना ओल्या चौकटीला घासली असणार. रजनी वाकली. मग चष्मा काढून, पुसून, परत वाकली.

फराटा तागावरून निघून सुतळीच्या टाक्यांवर चढला होता आणि पलीकडं उतरला होता. टाक्यामागून टाका, रंगाची रेघ कुठंही तुटलेली नव्हती. सुतळी आणि पोतं रंगानं एकमेकांना चिकटून वाळली होती. पोतं नंतर उसवून पुन्हा शिवलं असतं तर ही रेघ जुळली असती का? जगातला कुठलाही चोर सुतळी इतकी देवभोळेपणानं जागच्या जागी घालत नाही.

म्हणजे पोती शिवली तेव्हाच आत खोटा तांदूळ होता. आणि काकांनी तो हुंगून पास केला होता.

"काय मॅडम, पोती मोजताय?" दारात उमेश उभा होता. गिरणीचा मॅनेजर, माधवरावांचा उजवा हात. त्यांना आबा म्हणायचा, गाडीतून फिरवायचा, चहा स्वतः आणून द्यायचा.

"वासाच्या दिवशी दार का रंगवलंत?"

"सभापती यायचे होते."

"आले?"

"नाही आले. पण दार चांगलं झालं ना?"

"काकांना चाललं?"

"आबांनीच सांगितलं रंगवायला!" उमेश हसला. "त्यांचं नाक म्हणजे काय आपल्यासारखं आहे का? रंगाच्या पलीकडचं हुंगतं ते."

गिरणीच्या ऑफिसात समीक्षा हॉटेलवाल्यांचे फोन कापत बसली होती. ऑर्डरी तीच बघायची, पुण्याहून येऊन. "मी तर नोकरीवरून जाणार, मॅडम. आणि आत्ताच आमचं रील एवढं चाललं होतं!" तिनं मोबाइल पुढं केला.

रीलमध्ये माधवराव निळ्या चौकटीला टेकून बसले होते, पांढऱ्या नेहरू शर्टात. समोर वाफाळतं पातेलं. ते वाकले, डोळे मिटले, आणि त्यांच्या गालांवरून घळाघळा पाणी वाहायला लागलं. खाली लिहिलं होतं, 'मातीचा गंध, बापाचे डोळे'.

"किती गोड ना? सगळे रडले."

"तूही?"

"माझं डोकं दुखत होतं, त्या टर्पेंटाइननं. खरं सांगू? मला भाताचा वासच आला नाही. पण म्हटलं, आपण शहरातल्या, आपल्याला काय कळतंय."

रजनीनं रील पुन्हा लावलं. कांदा चिरताना तिच्याही डोळ्यांना पाणी यायचं. वास हे एक खातं आणि झोंबणं हे दुसरं. पहिलं कायमचं बंद पडलं तरी दुसऱ्याची खिडकी उघडी असते. हे पुस्तकात असेल-नसेल, तिला अंगावरून ठाऊक होतं.

काका भातावर रडत नव्हते. काका टर्पेंटाइनवर रडत होते.

४

माधवरावांच्या परसात दोरीवर नेहरू शर्ट वाळत होता. पाठीवर निळा पट्टा, इस्त्री केल्यासारखा सरळ.

"रॉकेलनं घासला, लिंबानं घासला," काकू म्हणाल्या. "त्या दिवशी घरात आले ते रंगाचा भपकारा घेऊनच. मी म्हटलं, अहो, आज वासाचा दिवस ना? तर माझ्यावरच खेकसले." आणि त्या तुळशीला पाणी घालायला पुढच्या अंगणात गेल्या.

माधवराव झोपाळ्यावर बसले होते, तोंड किंचित उघडं. रजनीनं आज प्रथमच नीट बघितलं. तोंडानं चाललेला श्वास. 'म' म्हणताना 'ब' ऐकू येणारा आवाज. शेजारच्या उष्ट्या ताटात भाजीपेक्षा ठेचा जास्त. आरशात बघावं तशी ती बघत राहिली आणि तिला काकांची दया येण्याऐवजी संताप आला.

"शिदूनं तुला पाठवलं?" ते म्हणाले.

"शिदूभाऊंना नीट बोलताही येत नाही आत्ता. गाल सुजलाय."

"चोराची बाजू घेऊ नकोस. मी स्वतः घोंगडी..."

ते बोलत राहिले. परंपरा, विश्वास, वाडीतल्या लोकांना डोक्यावर चढवण्याचे परिणाम. रजनी ऐकत राहिली. खोलीत निळसर असं काहीतरी तरंगायला लागलं तरी दोघं बसूनच होती. ते दाट होऊन माधवरावांच्या चेहऱ्यापुढून गेलं, तेव्हा दोघंही एकदम उठली.

काकू धावत आत गेल्या आणि काळंठिक्कर पातेलं चिमट्यात धरून बाहेर आल्या. "दुधाचा कोळसा झाला! अंगणात बसवेना मला! तुम्ही दोघं इथं बसून मेला होतात का?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

काकूंनीही बघितलं. आधी रजनीकडे, मग नवऱ्याकडे. मग त्या पातेलं तसंच धरून आत निघून गेल्या.

"कधीपासून?" रजनीनं विचारलं.

"तीन हंगाम झाले," माधवराव म्हणाले. "डॉक्टर म्हणतात, नाकात मांस वाढलंय. तुझ्यासारखंच."

"मग हंगाम कसे काढलेत?"

"लोकांचे चेहरे बघून. चेहरे फुलले की मी अहाहा म्हणायचं."

"आणि या वेळी? रंगात कुणाचे चेहरे फुलले?"

"या वेळी उमेशच म्हणाला, आबा, काय घमघमाट सुटलाय! मग मी..."

"उमेशला ठाऊक आहे?"

"त्याच्याच गाडीतून जातो डॉक्टरकडे. शपथ घातलीय त्याला. घरातसुद्धा ठाऊक नव्हतं." त्यांनी स्वयंपाकघराकडे बघितलं. तिथून पातेलं घासल्याचा आवाज येत होता, जरा जास्तच जोरात.

"दार रंगवायला तुम्ही सांगितलं होतंत?"

"मी? वासाच्या दिवशी? वेडी आहेस का? मला तर शर्ट बघेपर्यंत रंग त्याच दिवशीचा, ओला आहे हे ठाऊक नव्हतं."

"आणि घोंगडी?"

माधवरावांनी पायानं झोपाळा थांबवला.

"काका, घोंगडीला कसला वास आला तुम्हाला?"

"सगळे माझ्याकडे बघत होते, रजे," ते हळू म्हणाले. "काहीतरी यायलाच हवा होता."

"उद्या बैठकीत हे सांगा."

"नाही." त्यांचा आवाज परत जाग्यावर आला. "घराण्याचं नाक आहे ते. आणि तू सांगितलंस तर कोण ऐकणार? तुला तर वासच येत नाही."

५

सकाळी गिरणीच्या अंगणात सगळा गट जमला. शिदू मधोमध उभा, शेजारी चिंगी. घोंगडी पुरावा म्हणून टेबलावर, घडी घालून. माधवराव खुर्चीत.

रजनीनं आधी एक पोतं पुढं आणवलं आणि निळी रेघ सगळ्यांना हात लावून बघायला लावली. माणसं टाक्यांवरून बोट फिरवून मागं सरकायला लागली.

"म्हणजे हे उसवलंच नाही?" गटाचे अध्यक्ष सोपानराव म्हणाले.

"नाही. आत जे आहे ते काकांनी हुंगून पास केलेलंच आहे. तेव्हा काकांनीच पुन्हा सांगावं." तिनं कात्रीनं सुतळी कापली, तांदूळ परातीत ओतला आणि धुवायला म्हणून परात घेऊन आत गेली. थोड्या वेळानं तिनं शेगडीवर कुकर चढवला, माधवरावांच्या अगदी समोर. "फक्त एक विनंती. सगळ्यांनी काकांकडे पाठ करून उभं राहायचं."

"का म्हणून?" उमेश म्हणाला.

"मान म्हणून. त्यांचं लक्ष विचलित व्हायला नको."

मानाचा मुद्दा कान्ह्यात कुणी मोडत नाही. अख्खा गट वळून रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. फाटकातून जाणाऱ्या टेम्पोवाल्यानं वेग कमी केला. कसली श्रद्धांजली असावी, असं वाटून त्यानं टोपी काढली.

शिट्टी झाली. वाफ सुटली. माधवराव वाकले. त्यांच्यासमोर चेहरा म्हणून एकही नव्हता, नुसत्या पाठी. त्यांची नजर एका पाठीवरून दुसऱ्या पाठीवर फिरत राहिली.

"काका?"

आणि मग पाठींच्या रांगेतून आवाज आला,

"अहाहा! काय घमघमाट सुटलाय, आबा!"

सवयीनं दोन म्हाताऱ्यांनीही "अहाहा" केलं आणि मग एकमेकांकडे संशयानं बघितलं.

माधवरावांचा चेहरा सैलावला. "अस्सल," ते म्हणाले. "अस्सल इंद्रायणी."

रजनीनं कुकर उघडला आणि सगळ्यांपुढं तिरका केला.

आत पाणी होतं. नुसतं पाणी.

"तांदूळ अजून परातीतच आहे," ती म्हणाली. "उमेशभाऊ, तुम्हाला घमघमाट कशाचा आला?"

उमेश फाटकाकडे सरकायला लागला.

"मी सांगते. काकांना तीन हंगाम वास येत नाही, आणि हे तुम्हालाच ठाऊक होतं. बिनवासाचा तांदूळ वासाच्या दिवशी आणायची हिंमत करायची तर हुंगणाऱ्याचं नाक मेलंय याची खात्री पाहिजे. पण अंगणात बाकीची नाकं जिवंत होती. ती मारायला रंग. काकांवर विश्वास असलेला माणूस त्या दिवशी उदबत्ती लावायला घाबरतो. तुम्ही दार रंगवलंत, शिदूभाऊंच्या हातून, काकांचं नाव सांगून. आणि वर ओरडलात, घमघमाट."

सगळे आता परत वळले होते. उमेशभोवती माणसांचं कडं झालं. वलवणला मेव्हण्याच्या शेडमध्ये खरी पोती आहेत, हे त्यानं फारसं न विचारताच सांगून टाकलं. पण शिदूसाठी बोलावलेल्या पोलिसांच्या जीपकडे नेताना तो माधवरावांपाशी थांबला.

"मी पोती बदलली, कबूल," तो म्हणाला. "पण घोंगडी मी नव्हती हुंगली, आबा. मी तुम्हाला तेवढं सांगितलंही नव्हतं."

जीप गेली. अंगणात कुणी कुणाकडे बघेना. काल ज्या दोघांनी शिदूला मारलं होतं ते पोत्यातला तांदूळ फार बारकाईनं तपासत होते.

चिंगीनं टेबलावरची घोंगडी उचलली आणि माधवरावांच्या मांडीवर टाकली.

"घ्या. पुन्यांदा हुंगा. आन् मोठ्यानं सांगा, कसला येतोय."

"चिंगे, अगं मोठ्या माणसाला..." सोपानराव पुटपुटले.

"तुमी मदी पडू नगा, दाजी. काल न्हाई पडलात."

माधवरावांनी घोंगडी नाकाशी धरली. या वेळी डोळे मिटले नाहीत. छाती भरेस्तोवर ओढून घेतलं, पुन्हा एकदा ओढलं. लोकर थोडी झोंबली असेल; डोळ्यांत पाणी आलं. कुणीही रील काढलं नाही.

"काही नाही," ते म्हणाले. "मला काहीच येत नाही. कालही आलं नव्हतं."

चिंगीनं घोंगडी ओढून घेतली, स्वतः हुंगली आणि शिदूच्या खांद्यावर टाकली. "धुराचा येतो. बकऱ्याचा येतो. आमचा येतो," ती म्हणाली, सगळ्यांकडे बघत. "जाऊन लिवा कुटं लिवायचं ते."

शिदूनं खिशातून गोदामाची किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि दोघं फाटकाकडे निघाली. कुणी थांब म्हणालं नाही. म्हणायला तोंड कुणापाशी होतं?

माधवराव खुर्चीच्या दांड्यांना धरून उठले आणि रजनीपाशी आले. एकदम म्हातारे दिसत होते. "रजे," ते हळूच म्हणाले, "तुझं ते ऑपरेशन... कुठल्या डॉक्टरनं केलं? परत येतो का गं वास?"

रजनीला त्यांना सगळं सांगता आलं असतं. नाकातला फवारा, गोळ्या, तो खडूच्या वासाचा आठवडा. तिच्याकडे एवढी वर्षं सांगायला कुणी नव्हतं. तिनं फाटकाकडे बोट केलं. हातावर अजून निळे डाग असलेला शिदू आणि चिंगी रस्ता ओलांडायला थांबली होती.

"आधी त्यांच्या मागं पळा आणि पाया पडा, काका," ती म्हणाली. "नाकाची घाई नाही. ते गेलेलंच आहे."